डाव्या हातातला वाडगा

मार्सेलीनबाईंचं काम पुसायचं. माँपार्नासमागच्या आमच्या छापखान्यात चित्रकार दगडावर तेलकट खडूनं चित्र काढत, आम्ही ते कागदावर उतरवत, आणि प्रती पुऱ्या झाल्या की बाई वाळू-पाणी घालून दगड घासून कोरा करत. भल्याभल्यांची चित्रं त्यांच्या हातून मोरीत वाहून गेली. मी शेजारच्या यंत्रावर असे. लिहिणं हा माझा प्रांत नाही. पण बाईंची ही आठवण सांगणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

गास्पार चित्रकार, आंसेल्म कवी. एकाची चित्रं, दुसऱ्याचे शब्द, अशी पुस्तकं दोघे मित्र आमच्याकडे करत. आंसेल्मची बायको ओदील वारली, तेव्हा गास्पारनं तिला आठवणीतून दगडावर उतरवलं. खिडकीशी उभी, कॉफीचा वाडगा डाव्या हातात. ती डावखुरी होती. आंसेल्मच्या शब्दांवाचून हे चित्र छापायचं नाही, हा गास्पारचा हट्ट. आणि आंसेल्मला एक ओळ सुचेना.

वर्ष गेलं. मालकांना दगड हवा होता. बाई कधी वाळू संपली म्हणत, कधी खांदा धरलाय म्हणत. मालक ओळखून होते. शेवटी दुसरा चित्रकार सोमवारी येणार असं ठरलं, तेव्हा बाई ॲप्रनसकट शेजारच्या गल्लीत गेल्या आणि आंसेल्मला घेऊन आल्या.

"कविमहाशय, एकदा बघून घ्या," त्या म्हणाल्या. "मग मी पुसणार."

तो दगडाजवळ गेला. मग खडू मागून घेतला आणि चित्राखाली वाकून लिहू लागला. सरळ लिहू लागला. दगडावरचं कागदावर उलटं उमटतं, म्हणून अक्षरं उलटी काढावी लागतात. मालक बोलणार, तोच बाईंनी त्यांची बाही धरली.

तो गेल्यावर मालक चिडले. बाई म्हणाल्या, "वर्षानं हात चालला माणसाचा. मधेच टोकू त्याला?"

दुसऱ्या दिवशी आंसेल्मसमोरच पहिला कागद निघाला. अक्षरं उलटी, आणि वाडगा ओदीलच्या उजव्या हातात; गास्पारनंही तिला आठवली तशी सरळच काढली होती. आंसेल्मचा चेहरा उतरला.

"ही ती नाही," तो म्हणाला.

दगड तपासायचा आमचा हातआरसा बाईंनी कागदासमोर धरला. आरशात ओळी सरळ झाल्या. वाडगाही डाव्या हातात आला.

मालकांनी अक्षरं पुन्हा लिहून घेऊ म्हटलं. आंसेल्म आरशातून नजर न काढता म्हणाला, "राहू द्या. ज्याला वाचायचंय, तो आरसा धरेल."

प्रती पुऱ्या झाल्या त्या दिवशी तो न बोलावता आला. बाईंनी वाळू पसरली. पाण्याचा जग त्यानंच उचलला आणि हलक्या धारेनं ओतू लागला.

"हळू घासा," तो म्हणाला.

"मी नेहमी हळूच घासते," बाई म्हणाल्या.