चहाच्या कपातलं बी

एव्हरिलच्या अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी मर्विन प्रिचर्ड हेझलच्या झाडाखाली गुडघे टेकून बसला आणि बायकोच्या जुन्या मोज्याची गाठ सोडू लागला.

मोज्याचा तो पातळ, मातकट तुकडा एव्हरिलनेच जूनमध्ये सायक्लेमनच्या बोंडावर बांधला होता. या झाडांची पानं उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळून जातात. मग उरतात ते स्प्रिंगसारखे गुंडाळलेले देठ आणि त्यांच्या टोकाला मातीवर टेकलेली बोंडं. बोंड उकललं की मुंग्या येतात. बियांवरच्या गोड चिकट्यासाठी सगळं बी ओढून नेतात. म्हणून मोजा. तिच्या लाडक्या रुपेरी पानांच्या झाडाची फुलं गेल्या शरदात गोगलगायींनी फस्त केली होती आणि एकच बोंड धरलं होतं.

पुढच्या वर्षी आणखी धरली असती. पण त्यांना मोजा एव्हरिलने बांधलेला नसता.

"पिकल्या गूजबेरीसारखं मऊ लागलं की काढ," तिने दवाखान्यात सांगितलं होतं. "बी वाळू देऊ नकोस. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाक, रात्रभर भिजव आणि सकाळी पेर. वर बारीक खडी पसर. मग अंधारात ठेवून दे."

"बरं."

"फुलायला तीन वर्षं लागतील. तोवर कुठे जायचं नाही."

"मी कुठे जाणार?"

"तेच सांगतेय," एव्हरिल म्हणाली. येताना दूध घेऊन ये म्हणावं, तशा आवाजात.

मर्विनचा जन्म लोकांच्या घरांतले पाइप आणि बॉयलर दुरुस्त करण्यात गेला होता. बागेत त्याची फक्त हिरवळ. बाकी सगळं तिचं. ती गेल्यापासून तो सांगितलेली कामं करत होता. सह्या केल्या, शवपेटीचं लाकूड निवडलं, बुटांना पॉलिश केलं. ऐन थंडीत गोठलेल्या पाइपवर काम करताना हात असा व्हायचा: पाना हातात आहे हे डोळ्यांना दिसतं म्हणून खरं मानायचं. आता तो सगळाच तसा झाला होता. रडू येईल, असं सगळे म्हणत होते. तो थांबला होता, येत नव्हतं.

बोंड मऊ लागलं. त्याने ते स्वयंपाकघरात नेऊन एका निळ्या काठाच्या कपात बी मोकळं केलं. गोल, तपकिरी, चिकट. पाणी, साबणाचा थेंब. कप सिंकशेजारी ठेवला.

सकाळी पेरायचं होतं. पण एव्हरिलचा भाऊ क्लाइव्ह सांगितलेल्या वेळेच्या बराच आधी येऊन थडकला, टाय विसरून. मर्विनने त्याला आपला दुसरा टाय शोधून दिला, गाठ मारून दिली, आणि तेवढ्यात गाडी दाराशी आली. परत आल्यावर पेरू, असं मर्विनने ठरवलं.

चॅपलमधून माणसं घरी आली. हॅमची सँडविचं होती, फ्रूटकेक होता, चॅपलच्या भल्यामोठ्या किटलीतला चहा होता. लोक मर्विनचा दंड दाबत होते आणि तो "आलात, बरं वाटलं" म्हणत होता. कुणाच्या दुःखात काय बोलावं ते सुचलं नाही की इथल्या बायका भांडी घासतात. शेजारच्या ग्लेनिस बोवेनला तर सकाळपासून काहीच सुचलं नव्हतं. बाह्या वर सारून ती सिंकशी उभी होती.

लोक पांगल्यावर मर्विन स्वयंपाकघरात आला. कप ओळीने पालथे घातलेले, चकचकीत. निळ्या काठाचा कपही त्यात होता.

"यात काहीतरी होतं," तो म्हणाला.

"कशात?" ग्लेनिस वळली. "त्या कपात? गढूळ पाणी होतं रे, तळाशी पत्ती बसलेली. ओतलं मी." मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काय होतं, मर्विन?"

"एव्हरिलचं बी."

ग्लेनिसच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. दरवर्षी चहाच्या कपात बी भिजत पडलेलं तिने याच ओट्यावर किती वेळा पाहिलं होतं! तिच्या स्वतःच्या घरी वाटाणे भिजायचे, तेही कपातच.

"अरे देवा. कपाला हात लावू नकोस, एवढं तरी मला सांगायचंस!"

"त्यानंतर गरम पाणी सोडलंस?"

"कोमट. तुझा बॉयलर आज कुठे धड चाललाय?"

"आयुष्यभर गावाचे बॉयलर दुरुस्त केले," दारातून क्लाइव्ह म्हणाला, "आणि स्वतःचा—"

"क्लाइव्ह, गप्प बस आणि बादली आण," ग्लेनिस म्हणाली.

मर्विनने कोट काढून खुर्चीवर टाकला. टाय खांद्यावरून मागे सारला. सिंकखालच्या कपाटातल्या बाटल्या बाजूला करून तो काळ्या पँटीनिशी आत पाठीवर आडवा झाला. इथे प्रत्येक सिंकखाली पाइपाला एक वाक असतो. जड वस्तू त्या वाकात बसून राहते. अंगठ्या काढून दिल्या होत्या त्याने लोकांना, कवळीसुद्धा. हाताने त्या वाकाची फिरकी सैल केली. बादलीत काळं, तुपट पाणी पडलं, आणि त्याबरोबर चहापत्तीचा मोठा गोळा.

"झालं," क्लाइव्ह पुटपुटला. "चॅपलवाल्यांना टी-बॅगचा चहा चालत नाही ना."

गोळा बशांमध्ये वाटून घेतला. काळ्या कपड्यांतली तिघं माणसं टेबलाशी बसून भिजलेल्या पत्तीतून बी वेचू लागली. दोन्ही एकाच रंगाची. चिमटीत धरून दाबायचं. चिरडलं तर पत्ती, टणक लागलं तर बी.

"हे बघ, मिळालं!" क्लाइव्ह म्हणाला.

ग्लेनिसने चष्मा वर केला. "ही केकमधली मनुका आहे."

"सुरकुत्या पडलेलं बी असेल."

"मग पेर आणि त्याला केक येतो का बघ."

क्लाइव्ह हसला आणि हसता हसताच त्याने रुमाल काढला. बराच वेळ तो तोंड वळवून बसला. ग्लेनिसचेही डोळे भरून आले. मर्विनने दोघांकडे पाहिलं. मग आणखी एक पान दाबलं. ते चिरडलं.

बशीच्या कडेला थोड्याशा बिया जमल्या. मूळच्या किती होत्या, त्याला ठाऊक नव्हतं. अजून उजेड होता तोवर त्याने शेडमध्ये कुंडी भरली, बी पसरलं, वर खडी घातली. पाणी दिलं, काळी पिशवी चढवली आणि कुंडी फळीखाली सरकवली.

ऑगस्टअखेर हेझलखाली उघड्या मातीतून, पानांच्या आधीच, गुलाबी फुलं वर आली. पाकळ्या नेहमीसारख्या मागे उलटलेल्या. तो ती बघून आला. छान होती. ग्लेनिस कुंपणापलीकडून "काही आलं का रे?" असं विचारायची, नंतर विचारायची थांबली आणि नुसतंच हवेबद्दल बोलू लागली.

ऑक्टोबरात एका ओल्या दुपारी त्याने पिशवी उचलली. खडी जशीच्या तशी होती. तो पिशवी परत घालणार, तोच कडेला एक खडा किंचित उचललेला दिसला. त्याखाली वाकलेला, दोऱ्याएवढा गुलाबी देठ. पलीकडे दुसरा, त्याच्या टोकाला नखाएवढं दुमडलेलं पान. आणखी कुठे काही नव्हतं.

दोनच. तो शेडमध्ये उभा राहिला. स्वतःच्या आतून काही येतं का याची त्याने वाट पाहिली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग कुंडी उचलून त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीत, थंड बाजूला, उजेडात ठेवली आणि ग्लेनिसला हाक मारली.

ती गमबूट न काढताच आत आली. कुंडीवर वाकून बराच वेळ पाहत राहिली.

"फुलणार कधी?"

"तीन वर्षांनी, म्हणाली होती."

"मग तोवर कुंडी सांभाळायला हवी कुणीतरी."

"मी आहे," मर्विन म्हणाला.

ग्लेनिसने मान हलवली. काही सुचेना, तशी ती सिंककडे वळली आणि सकाळचा पडलेला कप उचलला. ओतता ओतता थांबली. खिडकीच्या उजेडात कप तिरका धरून तिने आत निरखून पाहिलं.

"चहाच आहे ना रे हा?"

"चहाच आहे."

मग तिने तो ओतला आणि विसळायला घेतला.