संगणकाच्या मते सांधेदुखी

अन्याय माझ्या मावसबहिणीवर झाला. नाताळच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी साडेअकराला, आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीसमोर. मी आणि तिची आई, म्हणजे माझी मावशी, तिच्याशेजारी उभ्या होतो.

तिला जन्मापासून सिकलसेल आहे. पुष्कळ जण नुसते वाहक असतात, त्यांना काही होत नाही. हिला पूर्ण आजार आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि हाडाच्या आतून अशी कळ निघते की ती रडतसुद्धा नाही, नुसती गप्प होते. डॉक्टरांनी तिला रोज घ्यायची एक कॅप्सूल लिहून दिली होती. ती चालू राहिली तर कळा कमी येतात, रक्त चढवायची पाळी कमी येते. कॅप्सूलच्या डब्या आत फळीवर होत्या, खिडकीतून आम्हाला दिसत होत्या. तिला मिळाली नाही. कारण संगणकात तिला सांधेदुखी होती.

औषधं देणारा माणूस वाईट नव्हता. त्यानं स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवला. प्रत्येक आजाराला एक कोड असतो, आणि सिकलची कॅप्सूल सिकलच्या कोडवरच सुटते. बहिणीचं नाव टाकल्यावर तिच्या सगळ्या भेटी खाली उतरत गेल्या. सांधेदुखी, सांधेदुखी, मध्ये एकदा अंगदुखी, पावसाळ्यात ताप, पुन्हा सांधेदुखी. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. त्यावर मोठ्या अक्षरात सिकलसेल लिहिलेलं. त्यानं वाचली, मान हलवली आणि परत दिली. चिठ्ठीवरून दिलं तर महिनाअखेरीस साठा जुळत नाही म्हणे.

मावशीनं आमच्या आदिवासी कोकणीत विचारलं, काय म्हणतो हा? मी सांगितलं. ती खिडकीत वाकून म्हणाली, "त्या संगणकाच्या डब्याला म्हणावं, हिची हाडं एक दिवस उसनी ने. मग सांग सांधे दुखतात का आणखी काय ते." मी त्याचं मराठी करून सांगितलं. रांग हसली. तोही हसला. कॅप्सूल फळीवरच राहिली.

मी संघटनेत पत्रकं लिहिते. आम्हाला शिकवलंय, आधी दोषी शोधा. मी तडक केसपेपरच्या खिडकीवर गेले. तिथला ऑपरेटर कंत्राटी, नंदुरबारकडचा, घरात अहिराणी बोलणारा. रांग फाटकापर्यंत गेलेली. मी विचारलं, हिचा आजार सांधेदुखी तू ठरवलास का? तो टाइप करता करताच म्हणाला, "ताई, मी काय डाक्टर शे? ती सांगस गुडघा दुखस, मी गुडघा लिखस."

मग त्यानं काम कसं चालतं ते सांगितलं, आणि माझं डोकं फिरलं. आजाराचा रकाना भरल्याशिवाय केसपेपर छापला जात नाही. केसपेपर छापल्याशिवाय डॉक्टर बघत नाहीत. म्हणजे डॉक्टरनं माणसाला हात लावायच्या आधी त्याचा आजार ठरलेला असतो. लहानपणापासून मी या रांगेत उभी राहिलेय, माझ्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं. ऑपरेटरला चारपाच कोड पाठ आहेत: ताप, खोकला, जुलाब, अंगदुखी, सांधेदुखी. सगळा तालुका तो त्यात बसवतो. नाही बसवला तर मागचे लोक त्याला शिव्या घालतात.

पण बहीण तरी खिडकीवर सिकल का म्हणाली नाही? हे मी तिला तिथं विचारलं नाही, मला माहीत होतं. त्या रांगेत आमच्याच पाड्याची माणसं असतात, शेजारच्या गावची असतात, उद्या जिथून सोयरीक यायची तिथलीही असतात. पोरीला सिकल आहे हे एकदा खिडकीवर मोठ्यानं बोललं गेलं की रविवारी चर्चमधून बाहेर पडेपर्यंत सगळीकडे झालेलं असतं. म्हणून आमच्या डोंगरातल्या मुली खिडकीवर गुडघे म्हणतात, कंबर म्हणतात, आणि खोलीचं दार लागल्यावर डॉक्टरांना खरं सांगतात. मावशीनंच तिला तसं शिकवलं होतं. आपण खिडकीला गुडघा सांगतो आणि डॉक्टरला सिकल, दोन्ही खरंच की, असं मावशीचं म्हणणं. यात लबाडी कुठंय? डॉक्टरला कळलं म्हणजे दवाखान्याला कळलं असं कुणालाही वाटेल.

डॉक्टर तरुण, मराठवाड्याकडचे. त्यांच्या टेबलावर संगणक नाही. ते पेनानं लिहितात, आणि बरोबर लिहितात. बहिणीच्या पिशवीतले जुने केसपेपर काढून त्यांनी माझ्यापुढे मांडले. प्रत्येकावर सिकलसेल. ते म्हणाले, यापेक्षा मी काय करू? ते कागद तिच्या प्लास्टिकच्या पिशवीतून घरी जातात. नंदुरबारला जातो तो कोड. संध्याकाळी संगणकात त्या दिवसाचं काम बंद केलं, म्हणजे दिवस बंद केला, की जुनी नोंद उघडत नाही, आणि सिकलच्या यादीत नवीन नाव घालायला जिल्ह्याची मंजुरी लागते. मी म्हटलं, घ्या मग मंजुरी. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि बाहेरच्या रांगेकडे बोट दाखवलं.

म्हणून नंदुरबारला मी आणि मावशी गेलो. बहीण घरीच थांबली, थंडी वाढली होती आणि थंडीनं तिला हमखास कळा येतात. खांडबाऱ्याहून गाडी, मग रिक्षा. ज्या साहेबांकडे हे काम होतं ते सभ्य निघाले, त्यांनी चहा मागवला. मला खेकसणारे साहेब परवडतात, त्यांच्यावर पत्रक लिहिता येतं. यांनी कौतुकानं नकाशा उघडला. गावोगावचे सिकलचे रुग्ण, रंगीत ठिपक्यांत. आमच्या पाड्यावर एकच ठिपका होता. मी म्हटलं, सर, या पाड्यात मला स्वतःला तीन घरं माहीत आहेत, आणि एका घरातली पोर आत्ता गोधडीत कण्हत पडलीय. ही तिची आई.

त्यांनी मावशीकडे पाहिलं, नमस्कार केला. मग मला म्हणाले, "मॅडम, सिस्टीममध्ये नाही म्हणजे आमच्यासाठी नाही."

हे ते रागानं म्हणाले नाहीत. समजावून सांगत होते. कोड टाकून शोधलं की जेवढी नावं येतात तेवढे रुग्ण. तेवढ्याच कॅप्सूल येतात, तेवढ्यांसाठीच मोठे डॉक्टर शिबिराला येतात. मी विचारलं, ती नावं खरी आहेत का हे कुणी घरी जाऊन बघतं का? ते म्हणाले, डेटा क्लीन आहे. मग त्यांनी अर्ज करायला सांगितला, सोबत रक्ताचा नवीन रिपोर्ट जोडायचा. तिचा जुना रिपोर्ट शाळेतल्या तपासणीचा, तो संगणकाच्या आधीचा, चालत नाही. महिना तरी लागेल.

परतताना रिक्षा मिरच्यांच्या पथाऱ्यांजवळून आली, लाल ढीग वाळत पडलेले, आम्ही दोघी शिंकून हैराण. मावशीनं नाक पुसत विचारलं, काय ठरलं? मी सांगितलं, महिना लागेल. तिनं पदर झटकला. मग म्हणाली, "बरं. तिला सांगते, महिनाभर दुखू नको."

दुखायचं ते दुखलंच. दोन रात्री काढून तिसऱ्या दिवशी आम्ही तिला जीपमधून पुन्हा दवाखान्यात आणलं. ती पायरीवर बसली, तिला उठता येईना. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि तीच कॅप्सूल पुन्हा लिहून दिली. केसपेपरवर छापलेलं: सांधेदुखी.

औषधवाल्यानं मला बाजूला बोलावलं. हळू आवाजात म्हणाला, तुमच्याच पाड्याचा एक माणूस सिकलच्या यादीत आहे, त्याच्या वाट्याचं औषध दर महिन्याला येतं, तो कधीच येत नाही. त्यानं नाव सांगितलं. मावशी तशा अवस्थेतही फसकन हसली. तो आमच्या घराच्या वरच्या अंगाला राहतो. दरवर्षी गुजरातेत ऊसतोडीला जातो, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो. तो नुसता वाहक आहे. तो ज्या तपासणी शिबिरात गेला होता तिथं ज्यांच्या रक्ताच्या थेंबात सिकलचा अंश दिसला त्या सगळ्यांना कुणीतरी आजाराच्या एकाच कोडात टाकून दिलं होतं. नकाशावरचा आमचा ठिपका म्हणजे तो.

औषधवाला म्हणाला, "त्याच्या नावावर देतो. सही तुम्ही करा."

मी नको म्हणाले. उद्या हा माणूस फळीवरून पडला, जिल्ह्याच्या दवाखान्यात गेला, तर तिथल्या डॉक्टरला संगणकात दिसणार की हा सिकलचं औषध घेतो. त्याच्यावर भलतेच उपचार होतील. आणि आम्ही सही केली तर आमच्याच हातानं खोटं पक्कं होईल, मग कोणत्या तोंडानं भांडायचं? मी बरंच बोलले. सगळं बरोबर बोलले. बहीण भिंतीला टेकून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "ताई, तुझं खरंय. मला गोळी दे."

मावशीनं पेन घेतला. तिला सहीपुरतं येतं. तिनं त्या माणसाचं नाव मला विचारून, एकेक अक्षर जुळवून लिहिलं.

कॅप्सूल चालू आहे. कळा कमी झाल्यात, ती परत कॉलेजला जाते. अर्ज पडून आहे. आणि संगणकात आमच्या पाड्यावरचा एकमेव सिकल रुग्ण नियमित औषध घेतोय, त्याची तब्येत उत्तम आहे. तो उसाच्या फडात आहे आणि त्याला यातलं काहीही माहीत नाही. तो परतला आणि त्यानं आपला वाटा मागितला, किंवा कुणी त्याचं नाव यादीतून काढून यादी खरी केली, की त्या दिवसापासून माझ्या बहिणीची कॅप्सूल बंद.

आता तुम्ही. पुढच्या वेळी सरकारी दवाखान्यात केसपेपर हातात पडला की खिडकीसमोरच उभं राहून त्यावर छापलेला आजार वाचा. डॉक्टरांनी तपासल्यावर परत खिडकीवर जा आणि दोन्ही जुळतंय का बघा. मोठ्यानं बोलायची लाज वाटत असेल तर बोलू नका, डॉक्टरांचं लिहिलेलं बोटानं दाखवा. जुळत नसेल तर दिवस बंद व्हायच्या आत बदलून घ्या. मागची रांग ओरडू दे. बदलल्याशिवाय खिडकी सोडू नका.