कुस्तोदियो काकांचे धडधाकट पाय

कुस्तोदियो काका चौऱ्याहत्तराव्या वर्षीही वाळूवर अनवाणी चालायचे आणि उन्हानं वाळू तापली की शिव्या घालत उड्या मारायचे. पोर्तोजवळच्या किनाऱ्यावर, पोव्होआच्या आमच्या कोळीवाड्यात या उड्यांचं मोठं कौतुक होतं. काकांचे वडील आणि दोन थोरले भाऊ पावलांच्या दुखण्यानं गेले होते. ते दुखणं बहुतेकांना तिशीत गाठतं. आधी पावलं बधिर होतात, निखारा पडला तरी कळत नाही. मग मांस झडतं, पोटात अन्न टिकत नाही आणि दहा-बारा वर्षांत माणूस संपतो.

आमच्याकडे प्रत्येक घराची एक खूण असते. जाळ्यावर, होडीवर, थडग्यावर तीच. थोरल्या मुलांनी तिला एकेक रेघ जोडायची आणि धाकट्यानं बापाची खूण जशीच्या तशी घ्यायची, अशी रीत. काका शेंडेफळ, म्हणून बिनरेघेची खूण त्यांची झाली. भावांना आलं ते दुखणंही यांना पुरेपूर येणार, असं सगळ्यांनी धरलेलं होतं. पण काकांनी चाळिशी ओलांडली, पन्नाशी ओलांडली, तेव्हा वाड्यानंच निकाल लावून टाकला की दुखणं धाकट्यापाशी येऊन थांबलं, घर धुऊन निघालं. त्याच भरवशावर त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, ओतीलियाला, चांगलं स्थळ मिळालं.

ओतीलिया तेहतीस वर्षांची असताना उकळत्या सूपचं भांडं तिच्या पायावर उलटलं आणि ती तशीच उभी राहून नवऱ्याशी बोलत राहिली. नवऱ्यानं खाली बघितलं तेव्हा पायाची कातडी सुटली होती. पोर्तोच्या दवाखान्यात दुखण्याचं नाव पक्कं झालं. हे कुणाच्या बाजूनं आलंय ते कळलं तर त्या बाजूच्या नातेवाइकांना सावध करता येईल, म्हणून डॉक्टरांनी आईबापांचं रक्त मागितलं. देओलिंदा काकूंनी दिलं, ते स्वच्छ निघालं. काका म्हणाले, माझे पाय बघा आणि ती सुई ठेवून द्या.

मी मासे विकते. माझ्या शेजारच्या टोपलीवर एर्मेलिंदा बसते आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिनं हिशेब मांडला, की बाईचं रक्त स्वच्छ, नवऱ्याचे पाय धडधाकट, मग पोरीला हे आलं कुठून? तिला झेफेरिनो आठवला. काकांच्याच होडीवरचा माणूस, याच दुखण्यानं कधीच गेलेला. ओतीलिया व्हायच्या सुमारास काका कॉड मासे धरायला सहा-सहा महिने समुद्रापलीकडे टेरानोव्हाला जायचे, तेव्हा हा झेफेरिनो काकूंच्या घराची कौलं शेकारायचा. एवढं पुरलं. आठवड्याभरात हे सगळ्या वाड्यानं चघळलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण एर्मेलिंदाला खोटं पाडायला माझ्याकडेही काही नव्हतं.

काका बायकोला एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी फक्त अंथरूण उचललं आणि माळ्यावर जाळ्यांमध्ये नेलं. सबंध हिवाळा ते तिथंच झोपले. काकू रोज स्वयंपाक करायच्या, वाढायच्या आणि गप्प असायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, काकू, तुम्ही काही सांगत का नाही त्यांना?

"त्यानं विचारू दे की," काकू म्हणाल्या. "विचारलंच नाही तर मी कशाला सांगत बसू?"

शेवटी ओतीलियाच शिडी चढून वर गेली. पायाखालची पायरी तिला लागत नव्हती, म्हणून डोळ्यांनी बघून बघून पाऊल ठेवत होती. बापाला ती म्हणाली, "आईचं आणि तुमचं तुम्ही बघा. मी कुणाची ते मला कळू दे."

दुसऱ्याच दिवशी काका पोर्तोला जाऊन रक्त देऊन आले. निकालाच्या दिवशी त्यांनी मला सोबत नेलं, कारण घाबरलं की त्यांना ऐकू येईनासं होतं. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण समजावून सांगायची हौस असलेली. काकांच्या रक्तात ते दुखणं होतं. ती म्हणाली, प्रत्येक जनुकाच्या आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती प्रत्येकाला मिळतात. या दुखण्याची बिघडलेली प्रत इतकी प्रबळ, की एकच पुरते, दुसरी चांगली असून उपयोग होत नाही. तरीही काही माणसांत ती जन्मभर उमटत नाही. का, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही. ज्याच्यात उमटली नाही तोही ती मुलांना देतो, प्रत्येक मुलामागे नाणं उडवल्यासारखं, आणि मुलांमध्ये ती गप्पच बसेल असं काही नाही.

"म्हणजे माझंच?" काकांनी विचारलं.

"तुमच्याकडूनच गेलंय," ती म्हणाली.

काकांनी तिचे दोन्ही हात धरले आणि आभार मानले. ती बिचारी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

परत आलो तेव्हा बाजारात मासळीचा लिलाव रंगात होता. काका सरळ आत घुसले आणि एर्मेलिंदासमोर उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की ओतीलियाचं दुखणं माझं आहे, माझ्या रक्तातून गेलंय, डॉक्टरनं सांगितलंय, आता कुणाला काय बोलायचंय ते बोला. एर्मेलिंदा टोपलीतले मासे उगाच उलटेपालटे करत बसली. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. काका हसत होते, माणसामाणसाला थांबवून तेच पुन्हा सांगत होते.

ओतीलिया नवऱ्याच्या आधारानं तिथंच उभी होती. ती रागावली नव्हती. तिनं नुसतं म्हटलं, "बाबा, तुम्ही इतके खूश माझ्या लग्नातसुद्धा नव्हता."

काकांचं हसू गेलं. ते तिच्या पायांकडे बघत राहिले आणि मग तिथंच एका खोक्यावर बसून मोठ्यानं रडले. आम्हा बायकांना कुठं बघावं ते कळेना.

मीच त्यांना घरी नेलं. काकू अंगणात सार्डिन साफ करत होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"देओलिंदा, पोर माझीच आहे," काका म्हणाले.

"मला ते तेहतीस वर्षं माहीत आहे." काकूंनी सुरी खाली ठेवली नाही. "एकदा तरी विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"तुझीच, म्हणाले असते. आणि तरीही तू रक्त द्यायला गेला असतास."

काका तिच्यासमोर उकिडवे बसले.

"गेलो असतो," ते म्हणाले.