बॉनेट मामांनीच उघडायचं

आमच्याकडं पीयूसी काढणं म्हणजे गाडीचा फोटो काढणं. पंपाशेजारी व्हॅन उभी असते, आतला माणूस मोबाइल धरतो, नंबरप्लेट टिपतो आणि कागद हातात देतो. धूर कुणी बघत नाही. त्यामुळं त्या शनिवारी गंगाखेडच्या रस्त्यावर एक नवाच माणूस व्हॅनमधून उतरला आणि सायलेन्सरात नळी घालायची म्हणाला, तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, घाला बाबा, तुमची हौस!

शेजारच्या सीटवर मामा बसले होते. मामा म्हणजे माझे सासरे. राणीसावरगावच्या शिवारात त्यांचा जन्म ट्रॅक्टरवर गेला. नजर अधू झाली तसा ट्रॅक्टर विकला, पाठोपाठ मोटारसायकल गेली, आणि उरलं काय, तर आमच्या डिझेल गाडीचं बॉनेट. दर रविवारी ते स्वतः उघडणार, पुसणार, तेलपाणी बघणार. त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. गाडी मी रोज शाळेला नेते, पण मीसुद्धा नाही.

यावरून घरात कधीपासून धुसफूस चालली होती. नवरा वडलांविषयी म्हणायचा, "आबा विसरायलेत. त्यांना गाडीला हात लावू देऊ नको." मी उसळायचे. "या वयात माणूस चष्मा कुठं ठेवला ते विसरणारच! तुमी नाही का परवा गॅस चालू ठेवून गावभर हिंडून आलात? एवढं एक काम राहिलंय त्यांच्याकडं. तेबी काढून घेतलं तर खाटंला लागतील." नवरा जाताजाता पुटपुटायचाच, "एकदा काही झालं की मग बंद. मग तुझंबी ऐकायचो न्हाई."

तर नळी घातली. तो माणूस म्हणाला, "ताई, रेस द्या. फुल. सोडा. परत द्या." मी दिली. त्यानं मशीनकडं बघितलं आणि मान हलवली.

"फेल हाय."

"फेल? अहो, आमची गाडी? हिची निगा कोण ठेवतंय माहिताय का?" माझा आवाज चढला. "तुमचं मशीनच बिघडलं असेल. घाला परत."

"आता परत काय बघायचं, ताई..."

"घाला म्हणते ना!"

त्यानं नळी परत घातली. मी रागारागानं पाय पार खाली दाबला. दाबला आणि सोडला. पाय सोडला, पण गाडीनं मला सोडलं नाही. आवाज खाली यायलाच तयार नाही! उलट चढतच चालला. मी चावी फिरवली. काही नाही. चावी काढून हातात घेतली, तरी इंजिन आपलं बोंबलतंय. मागं पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की रस्ता दिसेना. तो नळीवाला नळी तिथंच टाकून पळाला. चावी हातात असताना गाडी चालू कशी राहते?

"पाचवा गिअर टाक!" मामा ओरडले. एवढा खणखणीत आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "क्लच दाब, पाचवा टाक. ब्रेक जाम धर. धरला? आता सोड क्लच. एकदम!"

मी सोडला. गाडीनं एक हिसडा दिला, सगळी अंगातून थरथरली आणि बंद पडली. शांतता झाली. मग मला रडूच फुटलं. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "भिऊ नको, माय. डिझेल इंजिन कदी कदी पिसाळतंय. त्याला कुटून तरी खायला मिळालं की चावी ऐकत न्हाई."

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "आबा विसरायलेत म्हणता ना? आज तुमचे आबा नसते तर इंजिन फुटलं असतं! तो पीयूसीवाला पळाला, माझं डोकं बंद पडलं, आणि त्यांनी एका दमात सांगितलं. पुन्हा त्यांच्या डोक्याविषयी एक शब्द बोलायचा नाही." पलीकडून नुसतं "बरं" आलं. मला लय बरं वाटलं.

साखर कारखान्याकडून रिकामी ट्रॉली घेऊन येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून गाडी गॅरेजपर्यंत ओढली. मामा सबंध रस्ताभर त्या ट्रॅक्टरकडं टक लावून होते.

गॅरेजवाला आमच्या ओळखीचा, तोंडाळ माणूस. ऐकल्याबरोबर म्हणाला, "टर्बो गेला. टर्बो तेल सोडायलाय अन् इंजिन ते पियालंय. मोठं काम हाय, ताई." त्यानं हवेची नळी काढली. आत खरंच तेल होतं. पण टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा ढकलणारा, पंखा हातानं हलवून बघितला तर तो ठणठणीत. मग इंजिन ऑइलची पट्टी काढली. तेल काठोकाठ, एक थेंब कमी नाही. आता मात्र तो चक्रावला. नळीतलं तेल बोटावर घेऊन त्यानं उन्हात धरलं.

"इंजिनातलं तेल काळंभोर असतंय. हे तर कोरं हाय. हे आलं कुटून?"

मग त्यानं हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. कागदी फिल्टर तेलानं फुगून लगदा झाला होता, आणि डब्याच्या तळाशी मधासारखं नितळ, नवं तेल साचलं होतं.

"ह्याच्यात तेल कुनी वतलं?"

"मी," मामा म्हणाले. अगदी सहज. "मोसम सुरू व्हायच्या आदी एअर क्लिनरात नवं तेल टाकावंच लागतंय. रेघंपर्यंत."

गॅरेजवाला पोट धरून हसला. "ओ काका! ते ट्रॅक्टरला! जुन्या ट्रॅक्टरच्या वाटीत तेल असतंय, त्याच्यातून हवा गाळून जाती. कारला कागद असतोय, कागद! चालायचंच. ट्रॅक्टरवाल्यांकडून हुतंय असं."

मामाही त्याच्याबरोबर हसले. मला हसू आलं नाही.

कारण हा कागदी फिल्टर मला दाखवला होता तो मामांनीच. गाडी नवीन होती तेव्हा. त्यांनी तो काढून गुडघ्यावर हळूच आपटला होता, धूळ झटकली होती आणि मला बजावलं होतं, "ह्याला तेलाचा थेंब लागू द्यायचा न्हाई. ट्रॅक्टरचं येगळं, ह्याचं येगळं." ट्रॅक्टरवाल्याची चूक? छे! ती चूक हा माणूस करणारच नाही. ट्रॅक्टरवाल्यांना ओरडून ओरडून सांगणारा हाच माणूस होता. मग रविवारी बॉनेट उघडल्यावर त्यांना समोर दिसलं तरी काय? देवा, कुठल्या सालात उभे होते ते?

डबा धुतला, नळ्या साफ केल्या, नवा फिल्टर बसवला, तेल बदललं. सोमवारी मामांना घेऊन गाडी त्याच व्हॅनपुढं उभी केली. नळीवाला यावेळी चार हात लांब उभा राहिला. गाडी पास झाली. कागद हातात आला, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

दोन दिवस मी नवऱ्याला "काम चालू आहे" एवढंच सांगितलं होतं. घरी आलो तर तो दारातच उभा. "मग? काय निघालं?"

मी नुसता पीयूसीचा कागद पुढं केला. मामा चपला काढत होते. तेच म्हणाले, आणि चांगले तावातावानं म्हणाले, "आरं, कुन्या अडान्यानं एअर क्लिनरात तेल वतलं हुतं! कागदाचा फिल्टर त्यो. त्याला तेलाचा थेंब लागू द्यायचा न्हाई, एवढंबी कळत न्हाई लोकायला."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्याला सगळं कळलं. दाराची चौकट धरून तिथंच उंबऱ्यावर बसला.

मामा माझ्याकडं वळले. आवाज मऊ झाला. "माय, गाडी कुनाच्याबी हातात देऊ नको. बॉनेट मीच उघडत जाईन."

"होय, मामा," मी म्हणाले, आणि गाडीची चावी मुठीत घट्ट धरून आत गेले.