हिचे चित्र – दहा मिनिटे

माझ्या ताईच्या नवऱ्याइतका आखीव माणूस साऱ्या अमिरातीत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला यांनीच तयार केलेला असणार. मी त्यांना भाऊजी म्हणते, कारण म्हणावं लागतं. शारजात रोल्ला भागात, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांनी अठरा वर्षं काढली, आणि त्या अठरा वर्षांत एकही गोष्ट सहज म्हणून केली नाही, हे मी शपथेवर सांगते. एअर कंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनियर. त्यामुळे कुठेही गेले की माणसांकडे बघायच्या आधी छताकडे बघायचे. आमच्या दुबईतल्या, अल मनखूलच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा मी खपून केलेल्या पुरणपोळ्या पानात निवत होत्या आणि हे खुर्चीवर चढून एसीच्या जाळीपुढे हात धरून उभे! "थ्रो कमी आहे. वॉचमनला बोल, फिल्टर चोक झालाय." पुरणपोळ्या कशा झाल्या होत्या ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पण त्यांची खरी हौस कार्यक्रमाची. कुठेही जायचं म्हटलं की ऑफिसात कागद टाइप व्हायचा, लॅमिनेट व्हायचा आणि माणशी एक वाटला जायचा. एका शुक्रवारी आम्ही सगळे अल ऐनला गेलो. कागदावर होतं: '९.४० ते १०.०० – डोंगर. १०.०० ते १०.१५ – निवांतपणा.' मी डोंगराकडे बघत जरा रेंगाळले, तर मागून हाक आली, "यल्ला, यल्ला! चला, डोंगर खलास. तुझा निवांतपणा सुरू झालाय." मला सतरंजीवर आणून बसवलं, आणि सव्वादहाला सतरंजी माझ्याखालून ओढून घडी केली. असल्या माणसाबरोबर माझी बहीण संसार कसा करते, हा प्रश्न मला दर शुक्रवारी पडायचा. तिला पडत नव्हता, याचा मला आणखी राग यायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा या गृहस्थांनी इटलीची सहल काढली. माझ्या नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून मी एकटीच त्यांच्याबरोबर निघाले. भाऊजी, ताई, त्यांची चौदा वर्षांची मुलगी आणि मी. रोममध्ये चार दिवस, आणि शेवटच्या दिवशी सकाळी आगगाडीने फ्लॉरेन्स. दोनच्या गाडीने परत, रात्री रोमहून दुबईचं विमान.

फ्लॉरेन्स होतं ते ताईसाठी. लग्नाआधी ती पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवायची. शारजाला आली आणि ते सुटलं. का सुटलं हे तिला कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. फ्लॉरेन्सच्या एका जुन्या चर्चमध्ये भिंतीवर काढलेलं एक चित्र आहे. ते ती वर्गात मुलांना पुस्तकातून दाखवायची, आणि एकदा तरी त्या भिंतीपुढे उभं राहायचं एवढंच तिचं मागणं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याकडे तिने दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. भाऊजींनी मंजूर केलं आणि कागदावर ओळ उमटली: '१०.२० ते १०.३० – चर्च (हिचे चित्र).' दहा मिनिटं! अल ऐनच्या बोडक्या डोंगराला वीस मिळाली होती. मी रोमच्या हॉटेलात त्यांच्याशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "चित्र हलत नाही ना? मग दहा मिनिटं पुष्कळ झाली."

फ्लॉरेन्ससाठी त्यांनी वार निवडला होता रविवार. "संडे बेस्ट. वर्किंग डे. पब्लिक सगळी ऑफिसात, आपल्याला गर्दीचा त्रास नाही." आणि सांगायला लाज वाटते, पण आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. शुक्रवारची सुट्टी आणि शनिवारपासून कामाला जुंपून घेण्याची सवय अंगात इतकी मुरलेली, की रविवार हा जगात सुट्टीचा वार असतो हेच आम्ही विसरलो होतो. गाडीत पोराबाळांसकट अर्धी इटली चढली, तेव्हा भाचीने कानातला वॉकमन काढला आणि म्हणाली, "बाबा, संडे इज द हॉलिडे हिअर." भाऊजी कागदाकडे बघत राहिले. कागदावर तसं काही नव्हतं.

मोठ्या चौकात उघड्यावरचे पुतळे आले. ते अंगावर कपडे नसलेले बघताच भाऊजींनी शहराचा नकाशा पूर्ण उलगडला आणि मुलीच्या डोळ्यांपुढे धरून तिला रस्ता समजावायला सुरुवात केली. "बाबा, इट्स आर्ट," ती नकाशापलीकडून म्हणाली. "असू दे. आधी डिरेक्शन बघ," हे म्हणाले. चौक ओलांडेपर्यंत पोरीने नकाशाशिवाय काही पाहिलं नाही.

दहा-वीसला बरोब्बर चर्चच्या दारात. दारावर एक म्हातारा उभा. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "नो टूरिस्ट. आत प्रार्थना. टूरिस्ट तीन वाजता." तीन वाजता आम्ही रोमच्या गाडीत असणार होतो. ताईने दाराकडे एकदा पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली, "बाहेरूनही छान आहे." तिचा तो समजूतदार आवाज ऐकला आणि माझा तोल गेला. भर रस्त्यात, चांगल्या खणखणीत मराठीत मी भाऊजींचा उद्धार केला. तुमचा वार, तुमचे कागद, तुमची मिनिटं! एक दिवस, एक दिवस माझ्या बहिणीचा होता, तोही तुम्ही नासवलात!

तेवढ्यात डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई आली, म्हाताऱ्याने तिला आत सोडलं. मी म्हटलं, "आपणही सांगू, प्रार्थनेला आलोय म्हणून." भाऊजी दचकले. "खोटं? तेसुद्धा कोणाच्या प्रेयर टाइमला? आपण तिकडे नमाजाच्या वेळी असं करतो का?" खोटं हा प्रकार त्यांना जमतच नाही. दुबईच्या विमानतळावर कस्टमवाल्याने तोंड उघडायच्या आत "पिकल. मँगो. दीड किलो," असं सांगून मोकळा होणारा माणूस तो. मी आशा सोडली. एवढ्यात बघते तो भाऊजी पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडताहेत. म्हाताऱ्याने खुणेने "नको, नको" केलं. ते उठले, कान लालबुंद, हात जोडले आणि हॉटेलात टेबल मागावं तसं म्हणाले, "प्रेयर. फोर पर्सन्स, प्लीज."

आत डाव्या भिंतीवर ते चित्र होतं. आम्हाला मागचा बाक मिळाला. ताई मान वाकडी करून बघत होती आणि मांडीवर तिचं बोट हळूहळू फिरत होतं, वर्गातल्या फळ्यावर फिरत असेल तसं. मी चित्रापेक्षा तिलाच जास्त पाहिलं. प्रार्थना तासभर चालली. लोक उभे राहिले की भाऊजी उभे राहायचे, बसले की बसायचे. डोळे घट्ट मिटलेले, हात जोडलेले, ओठ हलताहेत. कागदावरचा मनोरा गेला, पूल गेला, जेवणही गेलं. त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर मी सवयीप्रमाणे डिवचलंच. "काय भाऊजी, एवढं आत जाऊन चित्र बघितलंच नाही?"

"प्रेयरला आलोय म्हणून सांगितलं होतं ना? मग करायला नको?"

"बट व्हॉट डिड यू प्रे फॉर?" भाचीने विचारलं.

ताई चार पावलं पुढे गेली होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "हिला नीट दिसू दे म्हणून. मधे खांब होता."

ते दोघं आता पुण्याला परतलेत, आणि इथे नावं ठेवायला मला हक्काचं माणूस उरलेलं नाही. परवा फोनवर मी ताईला सहज विचारलं, त्या चर्चमध्ये मधे खांब आला होता का गं? "खांब? नाही गं," ती म्हणाली, "मला तर सगळं दिसलं." खांब मी स्वतः पाहिला होता, दोघांच्या कवेत मावणार नाही असा.