न विचारण्याची वही

छातीत धडधड सुरू झाली की माझ्या डोक्यात एकच प्रश्न यायचा: बाप जिवंत आहे ना? बाप तिकडे मेडशीच्या शिवारात तुरीवर फवारणी करत असायचा, चांगला धडधाकट. आणि मी, सव्वीस वर्षांचा घोडा, घरात बसून त्याला फोन लावायचो. दिवसाला तीस-चाळीस वेळा. औषध अंगावर सांडलं असेल, साप चावला असेल, मोटारीचा शॉक लागला असेल. त्याने फोन उचलला की दहा मिनिटं बरं वाटायचं. मग पुन्हा तेच. याच्यापायी पुण्याची नोकरी सोडून घरी आलो होतो. गावात सांगितलं, पाठीचं दुखणं आहे.

वाशीमच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडे धाडलं. मॅडमनी एक वही दिली. नियम एकच: काळजी आली की विचारायचं नाही. फोन नाही, घरच्यांना प्रश्न नाही. अर्धा तास तसंच बसायचं आणि भीती दहापैकी किती, ते लिहायचं.

"भीती चढते तशी उतरते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दर वेळी फोन करून तिला मध्येच गप्प करता. ती आपोआप उतरते हे तुम्हाला कळतच नाही."

मायलाही आत बोलावलं. याने विचारलं तरी उत्तर देऊ नका, असं बजावलं. मायने मुंडी हलवली.

पहिल्या आठवड्यात नऊ, नऊ, दहा. दातओठ खाऊन बसायचो. दुसऱ्यात सात. पाचव्यात तीन! मॅडम खूश, मी तर हवेतच. पुण्याच्या जुन्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात ये, पण या वेळी टिकशील तरच ये.

मग माय दोन दिवसांसाठी माहेरी, धनजला गेली. तिच्या भाचीचं डोहाळजेवण होतं.

पहिल्याच दिवशी अकराला धडधड. म्हटलं, बसू. साडेअकरा झाले, बारा झाले, आकडा खाली यायचं नावच घेईना. नऊ लिहिलं, दहा लिहिलं, मग पेनच धरवेना. शेवटी वही फेकली आणि अनवाणी शेताकडे धावत सुटलो. रस्त्यावरचे लोक बघत होते. बघा लेकहो, म्हटलं, पाहून घ्या!

बाप शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या सावलीत बसून भाकर खात होता. मला पाहून घास हातातच राहिला.

"काय झालं बे?"

"काई नाई. तुमाले पाह्यले आलो."

"अन तुही माय तं म्हणे, पोरगा सुदरला." तो चिडला होता आणि घाबरलाही होता. "घंट्या-घंट्याले फोन करते मले. पंप खांद्यावरून उतरवा अन सांगा, हाव, आहो जित्ता. आज पावण्यांत गेली तं म्हटलं, चला, सुकानं फवारू."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दातओठ खाऊन बसलेला असताना माय कामातून मध्येच बोलायची, भिंतीला सांगितल्यासारखी. "तुह्या बापाले आज चटणी लय तिखट लागली म्हणे." "चार वाजता येतो म्हणे." मी विचारलेलं नसायचं, म्हणून तिनेही उत्तर दिलेलं नसायचं. आणि माझी भीती उतरायची. ते सगळे सात, ते सगळे तीन, मायचे होते. माझं त्यात काहीच नव्हतं. काय सांगू बाप्पा, मी धुऱ्यावर बसून ढसाढसा रडलो. बापाने पाण्याची बाटली पुढे केली.

माय परत आली तेव्हा मी तिच्यावर ओरडलोच. "माह्या इलाजाचं वाटोळं केलं तुनं!"

"मी तं एका शब्दानं उत्तर नाई देल्लं तुले."

"बोलूच नको ना. वावरात त्याईले फोनही नको करू."

"अन तुहं तोंड पांढरंफट पडते, थे नुसतं पाहत राहू?"

तरी कबूल झाली. दुसऱ्या दिवशी फोन पिठाच्या डब्यावर उलटा ठेवून ती माझ्यासमोर लसूण सोलत बसली. मी वही उघडली. अकराला धडधड आली. आठ लिहिलं. बापाला फोन करायची तिची वेळ टळून गेली. थोड्या वेळाने पाहिलं तर लसूण तसाच, आणि ती डब्यावरचा फोन सुलटा करून पुन्हा पालथा घालत होती. ती उठली, पदर खोचला.

"कुठं चालली?"

"पाहून येतो."

"माय, नको जाऊ. हात जोडतो तुले. धा मिनटं बस."

"तुले लिहाले आकडे तरी हायेत," ती म्हणाली. "मी काय करू?"

आणि गेली. मी तिला अडवायला हवं होतं. निदान वही घेऊन बसायला हवं होतं. पुण्याला जायला बावीस दिवस उरले होते. मी दारात उभा राहिलो आणि ती कधी येते, बाप बरा आहे म्हणून कधी सांगते, याची वाट पाहत राहिलो.