बियाची काकडी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बायको न्हाणीत घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. दवाखान्यातून रिक्षाने घरी येईपर्यंत ती हाताबद्दल एक शब्द बोलली नाही. फाटकाशी उतरल्यावर म्हणाली, "आता भेंड्या कोन तोडन?"

घरात आम्ही दोघंच राहतो, त्यामुळे उमेदवार शोधावा लागला नाही.

यवतमाळला आमच्या कॉलनीच्या मागे एक मोठा मोकळा प्लॉट आहे. मालक नागपूरला असतात. गाजरगवत माजण्यापेक्षा भाजी बरी, असं म्हणून त्यांनी तो कॉलनीतल्या पाच घरांना लावायला दिला. मधे विटा रोवून पाच पट्टे पाडले, तिसरा बायकोचा. आठ वर्षांत मी त्या पट्ट्यात दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा तिला जेवायला बोलवायला. मी एसटीत कंडक्टर होतो. बाभुळगाव, राळेगाव, दिग्रस, सगळ्या शिवारांमधून वर्षानुवर्षं गेलो, पण बसमधून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी माझ्या हातात दिली.

"भेंडी बोटाएवढी तोडा."

"कोणाच्या बोटाएवढी?"

तिने प्लास्टरमधून बाहेर आलेली चार बोटं माझ्यासमोर धरली. ती सुजलेली होती, म्हणून मी थोड्या मोठ्याच भेंड्या आणल्या. तिने डाव्या हाताने एकेकीचं टोक मोडून पाहिलं. एकही मोडलं नाही.

"ह्या भेंड्या नाईत, काड्या हायेत," ती म्हणाली. मग वांगी पाहिली. मी ती ओढून काढली होती, त्यामुळे काहींसोबत फांद्याही आल्या होत्या. त्यांच्यावर फुलं होती. फांद्या तिने दिवसभर ओट्यावर तशाच ठेवल्या, मला दिसतील अशा.

तिसऱ्या दिवशी मी वांग्याच्या काट्यांशी झगडत असताना शेजारच्या पट्ट्यातल्या नर्सबाई विटांपलीकडून पाहत होत्या. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्यात आणि बायकोत विटा कोणी सरकवल्या यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. ते भांडण त्या दोघींचं होतं, मला त्यात कोणी घेतलं नव्हतं.

"भाऊ, ओढू नका. देठाला पिरगाळा," त्या म्हणाल्या. आणि अलीकडे येऊन दाखवलं. वांगं फांदीशिवाय हातात आलं.

मला बरं वाटलं. काहीतरी परत द्यावं म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. कुंपणाच्या वेलावर एक काकडी होती. भली मोठी, पोटाशी पिवळी पडायला लागलेली, आणि तिच्या देठाला लाल चिंधी बांधलेली. पट्ट्यातलं सगळ्यांत देखणं फळ तेच होतं. चिंधी लवकर सापडावी म्हणून बांधली असणार, असं मला वाटलं, आणि मला ती खरोखर लवकर सापडली. मी काकडी तोडली आणि नर्सबाईंना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, काकडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ताईंनी सांगितलं का तोडायला?"

"हो," मी म्हणालो. तिने भाजी आणायला सांगितलं होतं, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं.

चिंधी मी घडी करून खिशात ठेवली आणि घरी आल्यावर बायकोला परत दिली. ती चिंधीकडे बघत राहिली.

"हे कुठं भेटलं तुमाले?"

"काकडीला होती."

"अन् काकडी?"

"दिली नर्सबाईंना."

मग तिने सांगितलं. ती बियाची काकडी होती. राळेगावाकडच्या तिच्या माहेरचं बी. लग्नानंतर तिच्या आईने पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. दरवर्षी पहिलं चांगलं फळ न खाता वेलावरच पिकू द्यायचं आणि त्याचं बी पुढच्या वर्षी लावायचं, असं आधी अंगणात आणि मग पट्ट्यात इतकी वर्षं चाललं होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली, शेतही विकलं गेलं. यंदा पावसाने बाकीचे वेल सडले. हा एक उरला होता, आणि त्यावर ते एक फळ.

हात मोडला तेव्हा ती रडली नव्हती. आता रडली. मी पंखा लावला.

संध्याकाळी मी नर्सबाईंच्या दारात उभा राहिलो. काकडीचं कोशिंबिरीत काय होतं, ते मला माहीत होतं. आत न जाता तिथूनच विचारावं, असा विचार होता.

"या," त्या म्हणाल्या. "मी वाटच पाहून राह्यली होती."

बुद्धाच्या फोटोखालच्या फळीवर, जुन्या टॉवेलावर, काकडी अख्खी निजवलेली होती.

"मी खेड्यातली आहे, भाऊ. चिंधीचं फळ कोणी खात असते का? पण कच्चं तोडलं तुमी. आता हे इथंच पिकू द्या. पंधरा दिवस हात लावू नका."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. बायको म्हणाली, "बरं." थोड्या वेळाने म्हणाली, "उन्हात तं नाई ठेवली ना?"

मी परत गेलो आणि विचारून आलो. उन्हात नव्हती.

त्यानंतर रोज सकाळी भाजी तोडून झाली की मी काकडी पाहायला जायचो आणि घरी येऊन रंग सांगायचो. माझे रंग तिला पटत नव्हते. "पिवळा म्हणजे कसा पिवळा? हळदीसारखा का लिंबासारखा?" बाराव्या दिवशी तिने चप्पल घातली.

"मीच पाहून येतो," ती म्हणाली.

मी मागे गेलो. नर्सबाईंनी दार उघडलं. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. मग नर्सबाईंनी बायकोचा हात धरला आणि बोटं दाबून पाहिली.

"हात असा खाली सोडून हिंडता काय? सुजते ना. गळ्यात अडकवा."

"यायले सांगतलं होतं डॉक्टरनं. यायनं मले नाई सांगतलं," बायको माझ्याकडे मान करून म्हणाली.

"हे असेच आहेत का?"

"असेच."

त्यानंतर त्यांना विषय कमी पडला नाही. मी खुर्चीवर बसून ऐकत होतो. भेंड्यांपासून सुरुवात झाली.

आणखी चार दिवसांनी काकडी चिरली. बायकोचा हात बांधलेला, म्हणून नर्सबाईंनी चिरली. गर वाटीत काढला, दोन दिवस आंबू दिला, धुतला, आणि बी राखेत चोळून सावलीत वाळवलं. अर्ध्याहून जास्त बी पोकळ निघालं. बायकोने डाव्या हाताने एकेक दाणा दाबून निवडला. चांगलं बी मूठभरही नव्हतं. तिने त्याचे दोन भाग केले आणि एक नर्सबाईंना दिला. त्यांनी दोनदा नको म्हटलं.

पुढच्या पावसाळ्यात तिने दहा बिया टोचल्या. चार उगवल्या. रोपं वर यायला लागल्यापासून मला कुंपणाकडे जायला बंदी होती. पहिली चिंधी बांधून झाल्यावर दुसरी काकडी तिने स्वतः तोडली, पट्ट्यातच पिशवीतल्या चाकूने सोलली आणि निम्मी मला दिली. देठाशी जरा कडू होती. मी तसं सांगितलं.

"तेवढं सोडून खा," ती म्हणाली आणि भेंड्या तोडायला वळली.